दोन मुठी घाटे

केनवडचा इंद्रभान दिलदार माणूस आहे, असं गावात कोणीही सांगेल. कोणी नाहीच सांगितलं, तर तो स्वतः सांगेल. अठ्ठावन्न वर्षांत मान खाली घालावी असं आपण काही केलेलं नाही, हे त्याचं आवडतं वाक्य होतं. मागच्या जानेवारीपर्यंत तो ते जाता-येता म्हणत असे.

रस्त्याला लागून त्याचा चार एकर हरभरा. थंडी मुरली, हिरव्या घाट्यांत दाणे भरले, की इंद्रभान रोज संध्याकाळी बांधावर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबवायचा. हरभऱ्याचे डहाळे घेऊन जा म्हणायचा. ओळखीचा असो नसो, मोटारसायकलवाला उतरायचा, दोन-चार झाडं मुळासकट उपटायचा, हँडलला अडकवायचा आणि घाटे सोलून खात पुढं जायचा. हरभरा शेंग शेंग करून कोणी तोडत नाही, अख्खं झाडच उपटायचं. आणि वाटसरूनं उभ्या पिकातला घास घेतला तर ती चोरी नव्हे, अशी त्या भागातली जुनी रीत. इंद्रभानला या रीतीचा भारी अभिमान. शहरात असं चालतं का, हे तो प्रत्येक पाहुण्याला विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा.

त्याच्या हळदीत जवळच्या तांड्यावरच्या नऊ बायका कामाला येत. दिवस मावळताना निघाल्या की त्या बांधावर क्षणभर थांबत, पदराची गाठ सोडत, त्याच्यासमोर पदर झटकत आणि रस्त्याला लागत. दिवसभर मातीतलं काम, धूळ बसणारच. बाया मोठ्या टापटिपीच्या आहेत, असं तो एकदा सोजरबाईला, म्हणजे बायकोला, कौतुकानं म्हणालाही होता. सोजरबाई त्यावर काही बोलली नव्हती.

मुलगी संस्कृती कोकणात बँकेत लागली होती. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा तिनं आईबापाला ओढूनच नेलं. सोजरबाईचे गुडघे घाटातच बोलायला लागले, ती खोलीवर पडून राहिली. बापासाठी मात्र पोरीनं सकाळची सहल ठरवली होती. सहाला निघायचं, माहीतगार माणसाबरोबर समुद्राच्या कड्याकडेनं तीन तास पायी फिरायचं आणि मग नाश्ता. त्याचे माणशी पैसे भरले आहेत हे कळल्यावर इंद्रभान खाटेवर उठूनच बसला.

"पायी चालाचे पैसे देल्ले तुनं? मंग आमी त जलमभर लखपतीच व्हतो."

पण गेला. पांढरं धोतर, खांद्यावर कापडी पिशवी, आणि पोरीनं आग्रहानं घ्यायला लावलेले बूट. बारा जणांचा घोळका होता, बहुतेक पुण्याकडचे. वाट दाखवणारा उत्कर्ष तिथलाच, तिशीच्या आतबाहेरचा, हळू बोलणारा. निघण्याआधी त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि सांगितलं, की ही वाट सरकारी नाही. ती लोकांच्या अंगणातून, खाचरातून जाते. त्यांनी तोंडी परवानगी दिली म्हणून आपण चालतो. तेव्हा कशालाही हात लावायचा नाही, पानाला नाही आणि फळालाही नाही. इंद्रभाननं मान डोलावली. हे शहरातल्यांसाठी असणार, त्याला वाटलं. शेतकऱ्याला शेतात कसं वागायचं ते काय शिकवायचं!

वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर आले आणि समोर समुद्र उघडला. इंद्रभाननं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धरणाचं, आणि त्याला पलीकडचा काठ होता. याला काठच नव्हता. तो बराच वेळ नुसता उभा राहिला. खाली कड्याला लाटा लागत होत्या, दोन होड्या परत येत होत्या, वाळलेलं गवत उन्हात पिवळं दिसत होतं. मग स्वारी रंगात आली. त्यानं जांभा दगड खरवडून पाहिला, इथल्या मातीत हळद येईल का ते उत्कर्षला विचारलं, टोपीवाल्या एका बाईंना करवंदीच्या जाळीतून चालताना साडी कशी धरायची ते दाखवलं. लोक त्याचे फोटो काढायला लागले. काका, काका करायला लागले. बापाकडं बघून संस्कृती हसत होती. माणूस खुशीत आला की त्याच्यातला दिलदार जागा होतो.

कडा उतरून वाट एका इवल्याशा खाचरात आली. भात कापून झाल्यावर त्यात वाल पेरलेला होता. इंद्रभाननं हे पीक कधी पाहिलं नव्हतं. गुडघ्याएवढी झाडं, चपट्या शेंगा. कडेच्या एका ओळीला काठी रोवून तांबडी चिंधी बांधलेली. पाखरांसाठी असेल, तो मनात म्हणाला. शेंगा सगळ्यात भरलेल्या होत्या त्या याच ओळीच्या. उत्कर्ष पुढं कोणाला तरी ओढा ओलांडायला हात देत होता. इंद्रभाननं दगडांचा बुटका गडगा ओलांडला आणि डहाळे उपटावे तशी सहा झाडं मुळासकट उपटली. एकेक झाड मागच्या लोकांच्या हातात दिलं, उरलेली पिशवीत कोंबली. "घ्या न, घ्या. वाटसरूचा घास हाये."

संस्कृतीनं पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. खालच्या विहिरीकडून एक म्हातारी डोक्यावर कळशी घेऊन वर येत होती.

तिचं नाव ललिताबाई, हे उत्कर्षनं तिला हाक मारली तेव्हा कळलं. तिनं कळशी उतरवली, लोटा काढला. बाकीचा वाल जमिनीच्या ओलीवर येत होता, पाणी ती फक्त चिंधीच्या ओळीला घालत होती. ओळीपाशी आली आणि थांबली. सहा खड्डे ताजे होते. मग तिनं बारा जणांकडं पाहिलं, आणि त्यांच्या हातातल्या झाडांकडं.

उत्कर्ष धावत मागं आला. त्यानं हात जोडले आणि चूक माझी, मी नीट सांगितलं नव्हतं, असं म्हणाला. इंद्रभानच्या कानांतून धग निघाली. या पोरानं तर सगळं नीट सांगितलं होतं! आपल्यासाठी तो उघड उघड खोटं बोलत होता, आणि उद्यापासून म्हातारीनं वाट बंद केली तर पाय त्याच्याच पोटावर येणार होता. बोलायला हवं, हे इंद्रभानला कळत होतं, पण तो पिशवीचा बंद धरून उभा राहिला. तेवढ्यात मघाच्या त्या टोपीवाल्या बाई, ज्यांना त्यानं साडी कशी धरायची ते दाखवलं होतं, हातातलं झाड खाली ठेवत हलक्या आवाजात म्हणाल्या, "काकांच्या पिशवीतही आहेत. बघा पाहिजे तर."

पिशवी बघा. चार वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ इंद्रभानसमोर येऊन उभी राहिली.

तेव्हाही जानेवारीच होता. तांड्यावरची कमलीबाई, दौलतसिंगची बायको, इंद्रभानच्या बरोबरीच्याच वयाची, काम आटोपून निघाली होती. तिच्या पदराला फुगीर गाठ होती. रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर सात-आठ माणसं बसली होती, आणि मालक कसा असतो ते इंद्रभानला त्या घडीला दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. त्यानं तिला टपरीसमोर थांबवलं आणि म्हणाला, "पदर सोड. पाहू दे लोकाईले." तिनं गाठ सोडली. दोन मुठी घाटे रस्त्याच्या फुफाट्यात पडले. नातवासाठी घेतले होते, असं ती म्हणाली, तेही त्याला नाही, जमिनीकडं बघून. टपरीवर कोणी तरी हसलं. त्याच्या अर्धाच तास आधी इंद्रभाननं एका अनोळखी गाडीवाल्याला चार झाडं हातानं उपटून दिली होती. दुसऱ्या दिवशी कमलीबाई कामावर आली तेव्हा आपण तिला काढलं नाही, याचंही त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. वाटसरूचा घास तो गाडीवरून येणाऱ्यांसाठी होता. दिवसभर वाकून राबणारीसाठी ती चोरी होती.

संस्कृती त्या संध्याकाळी सुट्टीला घरी आलेली होती, आणि बांधावरच उभी होती. आता खाचरात त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं बापाकडं एकदा पाहिलं आणि नजर समुद्राकडं वळवली. तिला काय आठवलं ते सांगायची गरजच नव्हती. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ते काय, हे इंद्रभानला तेव्हा कळलं.

त्यानं पिशवी खांद्यावरून काढली आणि उलटी करायला घेतली. ललिताबाईनं हात आडवा केला.

"राहू दे. कोणाची पिशवी कशाला बघायची? उपटलात ना, मग न्या आता, शिजवून खा. टाकू नका." मग उत्कर्षकडं वळून ती म्हणाली, "बियाण्याची ओळ होती रे. सासूच्या वेळेचं बी. अर्धी राहिल्येय, पुरे होईल."

मग तिनं उरलेल्या सहा झाडांना एकेक लोटा पाणी घातलं. वाट बंद करायचं तिनं नावही काढलं नाही. कुठले पाहुणे, एवढं मात्र विचारलं. इंद्रभानला केनवडचं नाव तोंडातून काढवेना. वाशीमकडचा, एवढं तो कसाबसा म्हणाला. लांबून आलात, असं ती म्हणाली आणि कळशी घेऊन पुन्हा विहिरीकडं उतरली. ती दोन शिव्या देती तर तो केव्हाच हलका झाला असता. परतीच्या वाटेवर त्यानं उत्कर्षची माफी मागितली. असू द्या काका, तो म्हणाला. काका म्हणणारा आता तो एकटाच उरला होता.

केनवडला आल्यावर चार दिवस इंद्रभान बांधावर उभा राहिला नाही. समुद्र कसा होता असं गावानं विचारलं, तर मोठा होता, असं सांगून तो विषय संपवायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो हरभऱ्यात शिरला, भरल्या घाट्यांची मोठी पेंडी उपटली आणि हळदीच्या वावरात गेला. बाकीच्या बायका विहिरीवर हातपाय धूत होत्या. कमलीबाई एकटी टोपली आवरत होती.

"कमलीबाई, हे घेऊन जाय. नातवाले."

तिनं पेंडीकडं पाहिलं आणि मानेनंच नाही म्हणाली. टोपली पालथी घातली, बांधावर आली, आणि रोजच्यासारखी थांबली. पदराची गाठ सोडली, पदर पुढं धरला, दोन्ही बाजूंनी झटकला. त्यात काहीच नव्हतं. धूळही नव्हती.

इंद्रभानच्या हातातली पेंडी एकदम जड झाली. चार वर्षं! चार वर्षं रोज, त्याच्या डोळ्यांसमोर, नऊ जणी, आणि हा शहाणा त्याला टापटीप म्हणत होता. सोजरबाई त्या दिवशी का बोलली नव्हती, तेही त्याला आता उमगलं. तरी त्यानं विचारलंच. माणसाला नको असलेलं उत्तरही कानानं ऐकावंसं वाटतं.

"हे तू काहून करतं?"

"तुमाले पायता यावं म्हून," कमलीबाई म्हणाली.

माह्यं चुकलं, कमलीबाई, तो म्हणाला. बायकोलाही त्यानं हे वाक्य कधी ऐकवलेलं नव्हतं. कमलीबाईनं पदर खांद्यावर घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"तवा लोक व्हते, मालक. आता कोनीच नाई."

एवढं बोलून ती विहिरीकडं गेली. पेंडी त्यानं बैलांपुढं टाकली. त्या रात्री तो जेवला नाही, आणि सोजरबाईनंही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका कामाला यायच्या वेळेला इंद्रभान चहाच्या टपरीसमोर रस्त्यात उभा होता. टपरीवर दहा-बारा जण होते, त्यांतले निम्मे तरी त्या दिवशीचे. बायका आल्या तसा तो मधे गेला. टपरीकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "चार वर्साअगुदर म्या या बाईले याच जागी पदर सोडाले लावला. दोन मुठी घाटे व्हते. ते चोरी नव्हती. चुकी माही व्हती. म्या हिले नागवलं."

टपरीवरून कोणीतरी जाऊ द्या न भाऊ म्हणालं, आणि एक जण अवघडून हसला, त्या दिवशीसारखाच. इंद्रभान कमलीबाईसमोर हात जोडून उभा राहिला. तिनं त्याच्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. मग बाकीच्या बायांना म्हणाली, "चाला व, उशीर होते." आणि त्याच्या बाजूनं पुढं झाली.

दिवसभर तो वावरात कुठंकुठं उगाच कामं काढत राहिला. संध्याकाळी बायका निघाल्या. आठ जणी बोलत बोलत बांधावरून तशाच उतरून गेल्या. त्या आठ पाठी बघून त्याला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

कमलीबाई सगळ्यात मागं होती. ती बांधावर थांबली. तिनं पदराची गाठ सोडली, पदर पुढं धरला, झटकला, पुन्हा गाठ बांधली, आणि गेली. इंद्रभाननं मान खाली घातली.