गाळलेला तास

"मोजलं काय?"

एवढंच विचारायचे आमचे सर. मान वाकडी करून, उजव्या हाताचा पंजा तुमच्या नाकासमोर उताणा धरून. जणू तुम्ही मोजलेलं जे काही असेल ते आत्ताच्या आत्ता त्यांच्या हातावर ठेवायचं आहे. कोणी म्हणालं, आज अमरावतीत ऊन फार आहे. "मोजलं काय?" कोणी म्हणालं, धामणगावहून येणारी एस्टी रोज उशिरा येते. "मोजलं काय?" आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांच्या सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. साहेब म्हणाले, फार सोसलं हो तिनं. मी सरांकडे पाहिलं. देवाशपथ सांगते, पंजा खिशातून अर्धा बाहेर आला होता!

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती गेली की लोक म्हणतात, मनानं फार चांगला होता हो. मी नाही म्हणणार. मला ते आवडायचे नाहीत, आणि हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होऊन राहिले आहेत.

मी नुकतीच एम.एस्सी. होऊन कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर लागले होते. वय तेवीस. सर अकोटकडचे, शेतकऱ्याच्या घरचे, पण कित्येक वर्षं समुद्रावर काढून आलेले. खरंच समुद्रावर! जहाजाच्या मागे लांब दोरानं एक यंत्र ओढत न्यायचं आणि समुद्राच्या तळाच्या खडकाचं चुंबकत्व मोजत राहायचं, हे त्यांचं काम. एकदा म्हणे खुद्द कप्तानालाच पंजा दाखवला, तेव्हा ती नोकरी सुटली. मग आमच्याकडे फिजिक्स शिकवायला आले, पत्र्याची एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत कपडे नव्हतेच. यंत्रानं काढलेल्या नागमोडी रेघांच्या कागदाच्या गुंडाळ्या होत्या, ठासून भरलेल्या.

गावाला काय, आयतंच मिळालं. स्टाफरूममध्ये रोज कोणी तरी विचारायचं, "काय सर, आज भरती का ओहोटी?" माझे बाबा वकील. ते जेवताना म्हणायचे, "इथे नळाला पाणी नाही आणि हे गृहस्थ समुद्र शिकवताहेत." मी पण खूप हसायची. त्यांच्या "मले-तुले"ची नक्कल तर अख्ख्या कॉलेजात माझ्याइतकी कोणालाच जमायची नाही.

आणि प्रिन्सिपॉलांनी मलाच त्यांच्या मदतीला दिलं. रोज अर्धा दिवस. मला विचारलंसुद्धा नाही.

"बसा, बाई," ते म्हणाले. "खोडरबर वापराचं नाई."

तेवीस वर्षांच्या मुलीला बाई! माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत कधी घेतलं नाही.

पण काम समजावून सांगितलं ना, त्या दिवशी मी चिडायचं विसरले, हे कबूल करते. ऐका तर. समुद्राच्या तळाशी, मधोमध, डोंगरांची लांबच लांब रांग आहे. सरांचं म्हणणं, तिथे तळ फाटतो. खालून तापलेला खडक वर येतो, निवतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. निवताना त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकत्व धरून ठेवतो. आणि पृथ्वीचं चुंबकत्व लाखो वर्षांत मधूनमधून चक्क उलटं होतं! म्हणजे डोंगराच्या अलीकडे जसे सुलट-उलट पट्टे, तसेच्या तसे पलीकडे.

"म्हणजे समुद्र रुंद होऊन राहिला?" मी विचारलं.

"होऊन राहिला. अन् त्याच्यासंगं खंडं सरकून राहिले."

"मोजलं काय, सर?" मी मुद्दाम विचारलं, पंजासकट.

ते हसले नाहीत. "त्याच्यासाठीच तं तुमाले बसवलं."

परीक्षा अगदी सोपी होती. सगळे आकडे एका पातळ कागदावर मांडायचे, रेघ काढायची, डोंगराच्या जागी कागदाची घडी घालायची आणि उजेडासमोर धरायची. दोन्ही बाजू जुळल्या तर लेख लिहून पाठवायचा. नाही जुळल्या तर ट्रंक बंद. "दुसरे बी लोक ह्याच्याच मांगं लागले आहेत," ते म्हणायचे. "आपल्यापाशी येळ नाई." तिकडे प्रिन्सिपॉलांनीही बजावलं होतं, दिवाळीनंतर आमची कामाची खोली केमिस्ट्रीला द्यायची आहे.

गुंडाळीवर तासातासाची वेळ घातलेली होती. कुठल्या वेळी जहाज कुठे होतं, ते एका वेगळ्या वहीत. मी गुंडाळी वाचायची, वही बघायची आणि प्रत्येक आकडा त्याच्या जागेवर बसवायची. दोन महिने! डोळ्यांतून पाणी यायचं. ते प्रत्येक बेरीज तपासायचे, चूक सापडली की पान माझ्याकडे नुसतं सरकवायचे. चूक कुठे ते सांगायचे नाहीत. आणि चूक नसली की तोंडातून एक शब्द नाही. एकदा मी म्हटलंच, "सर, बरोबर असलं तर तसं सांगत जा ना."

"बरोबर तं असाचच पाहिजे. त्याचं काय सांगाचं?"

मग तो दिवस. बी.एस्सी.च्या पोरांचं प्रॅक्टिकल चालू होतं. त्यांच्यातल्या एकानं माझी वही पाहून म्हटलं, "सर, मॅडमचं अक्षर किती छान आहे!"

सर वर न पाहता म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं आहे. डोक्याचं मले सांगता येत नाई."

सगळी पोरं हसली. वीस पोरं. मी त्यांना शिकवत होते हो! घरी जाऊन रडले नाही, पण ठरवलं. यापुढे या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. काम द्या, करते. बस.

दुसऱ्याच दिवशी गुंडाळी वाचताना एक विचित्र गोष्ट दिसली. डोंगराच्या थोडं पुढे, पश्चिमेकडे, दुपारी दोन ते तीन हा तास कागदावर दोनदा आला होता. दोन, तीन, आणि परत दोन, तीन. बाजूला पेन्सिलीनं एक बारीक गोल आणि उलटा बाण. आता तास कसा दोनदा येईल? आमच्याकडे दोन वाजतात ते एकदाच वाजतात.

सर चार हातांवर बसले होते. विचारायला तोंड उघडलंही. मग ती हसणारी वीस तोंडं आठवली. मी ओठ मिटले. जहाजावरच्या कोणा कारकुनाची चूक असणार, असं मीच ठरवलं, दुसऱ्या वेळचा तास गाळला आणि पुढे गेले.

दिवाळीच्या चार दिवस आधी कागद तयार झाला. सरांनी खिडकीशी उभं राहून घडी घातली. किती हळू घातली! मी मागे उभी होते. पूर्वेची बाजू एकीकडे, पश्चिमेची भलतीकडेच. एकही वळण दुसऱ्यावर बसेना. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. पुन्हा सरळ. मग टेबलावर ठेवला आणि बोटांनी सारखा करत राहिले.

मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. मी तयारच होते, उत्तरं पाठ करून.

"मी चुकलो," ते म्हणाले. "मोजलं, अन् नाई जुळलं. बाईचं काम चोख आहे."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा! आणि मी, खरं सांगते, मनातून खूश झाले. जिरली, म्हटलं.

सुट्टीतच त्यांनी राजीनामा पाठवला. माझ्या वह्या आणि गुंडाळ्या कपाटात तशाच सोडून अकोटच्या पुढे आपल्या गावी शेतीवर गेले. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, "ओहोटी लागली." मी त्यावरही हसले.

दोनेक वर्षांनी आमच्या लायब्ररीत परदेशी मासिक आलं. त्यात दुसऱ्याच कोणाचा लेख, दुसऱ्याच समुद्राचा नकाशा आणि तेच पट्टे. डोंगराच्या दोन्ही बाजूंना, तसेच्या तसे. मी तिथेच उभ्या उभ्या वाचला. त्यात जहाजाच्या घड्याळांबद्दल एक ओळ होती. जहाज पश्चिमेकडे जातं तसतसं जहाजावरचं घड्याळ तासानं मागे करतात. म्हणजे सरांची वही भारतीय वेळेवरच चालत राहिली, कागदावर मात्र तोच तास पुन्हा आला.

धावत गेले. कपाटाला कोणी हात लावला नव्हता. तो गाळलेला तास परत घातला, त्याच्या पुढचं सगळं एक तासानं सरकवलं. एका तासात ते जहाज दहा-बारा मैल जायचं. दहा-बारा मैल समुद्र मी पेन्सिलीच्या एका फराट्यानं गिळला होता! बेरजा तपासता येतात हो, गाळलेलं कोण तपासणार? घडी घातली. जुळलं. प्रत्येक वळण.

रविवारी एस्टीनं अकोट, पुढे बैलगाडी. सर ओसरीत बसले होते, पायांना चिखल. मी कागद पुढे केला. त्यांनी घडी घालून उन्हात धरला. फार वेळ.

"काय केलं होतं?"

मी सांगितलं. दोनदा आलेला तास, गोल, उलटा बाण.

"थे मीच लिवलं होतं," ते म्हणाले. "घड्याळ मांगं केल्याची खूण. तुमाले दिसलं होतं?"

"हो."

"मंग विचारलं काहून नाई?"

"तुम्ही आदल्या दिवशी पोरांसमोर माझ्या डोक्याबद्दल बोलला होतात."

"मी बोललो होतो?"

आठवतच नव्हतं त्यांना! तिथेच मला एवढा राग आला, एवढा, की माफी मागायला गेलेली मी माफी मागायचीच राहिले. "तुम्ही सगळ्यांशी तसंच बोलता," मी म्हटलं. "कोण विचारणार तुम्हाला काही?"

त्यांनी कागदाची घडी मोडली. मग कागद माझ्याच हातात परत दिला, चपला घातल्या आणि वावराकडे चालू लागले.

सरांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या. "कागदात वाईट बातमी होती का वं पोरी?"

"नाही काकू. त्यांचं बरोबर होतं. आधीपासून बरोबर होतं."

"मंग असे काहून निंगून गेले?"

मी कप हातात घेतला आणि वावराकडे बघितलं. वावरात कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी झाली होती. त्यांचा पांढरा सदरा तिच्यात शिरला, थोडा वेळ खांदे दिसत राहिले, मग उतारावर नुसतं डोकं. ते एकदाही वळलं नाही. मग तेही दिसेनासं झालं.