नुसतं हाव

निलंग्याच्या अलीकडच्या एका गावात रत्नम्मा अठरा वर्षांपासून आशाताई आहे. गरोदर बायकांच्या घरी जायचं, गोळ्या द्यायच्या, बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं, असं ते काम. खांद्याला पिशवी, पायात झिजलेली चप्पल आणि तोंडात ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं सरकारी मराठी. ते मराठी मोठं झकास आहे. त्यात बाई अशक्त नसते, ‘अतिजोखमीची माता’ असते. तिला कुणी समजावून सांगत नाही, तिचं ‘समुपदेशन’ करतात. घरात कन्नड बोलणाऱ्या रत्नम्माला हा शब्द न अडखळता म्हणायला दोन वर्षं लागली. वहीत लिहायला मात्र ती पहिल्याच आठवड्यात शिकली.

गावाकडून या मराठीला एकच उत्तर यायचं: हाव, म्हणजे हो. गोळ्या घेतेस ना? हाव. तपासणीला येतेस ना? हाव. असं हाव फार सोयीचं असतं. सांगणारीचा मान राहतो, ऐकणारीचं काम अडत नाही, आणि मध्ये चहाही होतो. रत्नम्माही त्यावर खूश होती, उगाच कशाला खोटं बोला.

मग तीन वर्षांपूर्वी गावातल्या भागवतची बायको उज्वला बाळंतपणात गेली. तिनंही नऊ वेळा हाव म्हटलं होतं. चौकशीला साहेब आले, त्यांनी वही चाळली, प्रत्येक भेटीपुढं ‘समुपदेशन केले’ पाहिलं आणि म्हणाले, "रेकॉर्ड उत्तम ठेवलंय, ताई." बाई मेली आणि वही पास झाली, हे रत्नम्माला अजून पचलेलं नाही.

यंदा तशीच वेळ गावातल्या साक्षीवर आली होती. आठवा महिना, हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. नवरा पुण्याला कंपनीत, सासू सिंधुबाईला मोतीबिंदू. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात राहून रक्त चढवून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून आठ दिवस झाले होते. रत्नम्मा चार वेळा गेली, साक्षीनं चार वेळा हाव म्हटलं आणि ती जागची हलली नाही.

पाचव्या वेळी साक्षी शेंगा फोडत बसली होती. रत्नम्मानं सवयीनं सुरुवात केली, "तू अतिजोखमीची माता..." साक्षीची मान आधीच हलायला लागली होती. ते पाहून रत्नम्माला स्वतःचीच चीड आली. पिशवी बाजूला टाकून ती खाली बसली.

"साक्षी, तुझ्या अंगात रक्त न्हाई. बाळंतपणात थोडं जरी जास्त गेलं तर तू मरशील. उज्वला अशीच मेली. मी तिला नीट सांगितलंच न्हवतं."

सिंधुबाई कडाडली, "असं वंगाळ बोलतेत का गं पोटुशीला?"

"बोलावं लागतंय, मावशी."

साक्षीचे हात थांबले. "हाव," ती पुटपुटली.

"हाव म्हणू नको. यायचं नसलं तर न्हाई म्हण."

"न्हाई येत, आक्का," साक्षी म्हणाली आणि रडायलाच लागली. "आरतीला कुणाकडं सोडू? दोन वर्साची हाय. मोतीबिंदूनं आत्यांला दिसत न्हाई. परवा पोरगी हौदात पडता पडता वाचली."

एवढं साधं कारण, आणि चार फेऱ्यांत रत्नम्मानं ते विचारलंच नव्हतं! तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. आठ महिन्यांत या पोरीनं तिला पहिल्यांदा खरं उत्तर दिलं होतं.

"आरतीला माझी सून सांभाळील," ती म्हणाली. "तुझ्याजवळ मी थांबते, सुट्टी होईस्तोवर."

साक्षीनं पदरानं डोळे पुसले. या वेळी ती हाव म्हणाली नाही. शेंगांचं सूप सरकवून, कमरेला हात लावत ती हळूहळू उठली आणि आतल्या खोलीच्या दारात थांबली.

"साड्या किती घेऊ, आक्का?"