आखूड बोर्डावर सासूबाई

मी समुद्रावर लोकांना बोर्डावर उभं राहून लाटेत वल्हं मारायला शिकवते. माझा पोहण्याचा सूट फाटला की सासूबाई मशीनवर बसतात आणि नव्यासारखा करून देतात. जन्मभर शिवणकाम केलेल्या या बाई परवा म्हणाल्या, "मलाही शिकव."

मी लांबरुंद बोर्ड काढला. त्या म्हणाल्या, "ही खाट तुझ्या गिऱ्हाइकांना दे. मला तो आखूड हवा." आखूड बोर्ड मोठा खट्याळ, वल्हं थांबलं की तो पायाखालीच बुडायला लागतो.

सासूबाई उभ्या राहायच्या, मान खाली घालून पावलांकडे बघायच्या आणि धपकन पडायच्या. सुईवरून नजर हलली की बोट गेलं, ही त्यांची जन्माची सवय. "आई, समोर बघा," असं ओरडून माझा घसा बसला.

"समोर आहे काय बघायला? नुसतं पाणी."

शेवटी वैतागून मी त्यांचा बोर्ड किनाऱ्याकडे वळवला आणि मीच छातीभर पाण्यात त्यांच्यासमोर उभी राहिले. "आता माझ्याकडे बघा. नजर हलवायची नाही."

सुईवर रोखावी तशी त्यांनी नजर माझ्यावर रोखली. त्या वल्हं मारत राहिल्या, मी मागे मागे सरकत गेले, आणि एका छोट्या लाटेने त्यांना उभ्यानेच किनाऱ्याला आणलं.

घरी जाताना त्या म्हणाल्या, "तुझ्या भुवईत तीळ आहे गं. इतकी वर्षं तुझी मापं घेतेय, पण तुला आज बघितलं."

संध्याकाळी मी तो आखूड बोर्ड गोड्या पाण्याने धुतला, आणि आता तो आईंचा म्हणून, धुऊन झाल्यावर पुन्हा धुतला.