उजेडातले दाणे

नागूअक्का दाणे मोजायला बसल्या की अख्ख्या गल्लीला कळायचं. दारात बांगड्यांचा कासार येवो नाहीतर भाजीवाली, अक्का सुपात जोंधळे घेऊन थेट पुढच्या ओट्यावर यायच्या आणि दवंडी पिटल्यासारख्या ओरडायच्या, "कासारदादा, पोरीच्या बांगड्यांचे दोन शेर दिले बघ! नीट बघून घे!" कासार बिचारा हातभर अंतरावर बसलेला. त्याच्यासाठी एवढा घसा फोडायचं काही कारण नव्हतं. ते ओरडणं होतं समोरच्या दुकानात बसलेल्या रेवणअप्पांसाठी, म्हणजे अक्कांच्या मालकांसाठी.

मी लग्न होऊन कमठाण्याला आले ती निजामाच्या राज्यात. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. पोरांना उर्दू शिकवायचे आणि घरात मराठीसुद्धा जपून वापरायचे. पगार कोटाच्या आतल्या खिशात. घरातलं मीठ संपलं तर मी शाळा सुटायची वाट बघत बसायची. अक्का आमच्या शेजारी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला भिंतीवरून विचारलं, "मास्तरीनबाई, चोरी कराया शिकलीस का न्हाई अजून?"

मी घाबरलेच. मग त्यांनी समजावलं. आमच्या भागात बाजार पुरुषांनीच करायचा, लुगडंसुद्धा त्यांनीच आणायचं. बाईच्या हातात नाणं म्हणून यायचं नाही. मग मालक बाहेर गेले की बाया कोठीतले शेरभर दाणे पदराखाली घ्यायच्या आणि मागल्या दारी कासाराच्या पाटीत ओतायच्या. घरोघरी हेच चाले. सासवाच सुनांना शिकवत. "माझ्या सासूमायनं बी शिकवलं," अक्का म्हणाल्या, "पर मला जमलं न्हाई बग. आपल्याच घरात चोर कामून व्हायाचं गं?"

रेवणअप्पा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. थोडी जमीन, तूर-हरभऱ्याची खरेदी-विक्री. दारूचा थेंब नाही, बायकोवर कधी हात नाही, जत्रेत लेकरं खांद्यावर. पण पैशाचं नाव निघालं की गडी असा मिटायचा की काय सांगू! बायकोच्या ओरडण्यावर दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली तेव्हा तर त्यांनी कमालच केली. खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्यावर लाकडी ठोकळ्यानं राखेचे ठसे मारतात. कुणी दाणे चोरले तर ठसा मोडतो, चोरी उघडी पडते. ही खळ्यावरची रीत सगळ्यांचीच. या बाबानं तो ठोकळा घरी आणला आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीतल्या जोंधळ्यांवर ठसे मारले! खळ्यावर चोराची भीती असते हो, कोठीत कुणाची होती?

दुसऱ्या दिवशी अक्कांनी दळणाला दाणे काढले. ठसा मोडायचाच. त्यांनी रास पुन्हा सारखी केली, चुलीतल्या राखेत हात बुडवला आणि दाण्यांवर आपला पंजा उमटवला. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "त्येंचा ठसा, माझा पंजा. ही दोन मालकांची रास हाय, मास्तरीन." घरी येऊन मी ह्यांच्या कोटाकडे बघत बसले होते.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर अक्कांच्या माहेराहून, मादन हिप्परग्याहून निरोप आला. अक्कांची माय अंथरुणाला खिळली होती. विधवा बाई, पाठी मुलगा नाही, घरात दाणा नाही. अक्कांनी नवऱ्याला सांगितलं की मी जाते आणि एक पोतं जोंधळे नेते. रेवणअप्पा म्हणाले, जायचं तर जा, पण माझ्या घरातला दाणा तुझ्या माहेरी जायचा नाही. तसं झालं तर लोक शेण घालतील तोंडात.

गल्लीतल्या बायांनी लगेच वाटा सुचवल्या. कुणी म्हणालं गोधडीत बांध, कुणी म्हणालं आमच्या गाडीत लपवून दे. अक्का एकच बोलल्या, "माय माझी उजेडात मरंल न्हाईतर जगंल. तिला चोरीचा घास मी घालनार न्हाई."

भर दुपारी त्यांनी ओळखीचा गाडीवान बोलावला, दारात गाडी उभी केली आणि ओट्यावर बसून पायलीनं पोतं भरायला घेतलं. गल्ली गोळा झाली. दुकान टाकून रेवणअप्पा धावत आले.

"कुनाला इचारून भरायलीस?"

"परवा तुमी तूर इकलीत, तवा मला इचारलं व्हतं का?"

"मी कमवतो, म्हनून इकतो!"

अक्का पायली हातात घेऊनच उठल्या. "तुमच्या हातात दान्याचा रुपया हुतो. माझ्या हातात दळून, रांधून त्याच दान्याचं मानूस हुतं. ही चार लेकरं काय दुकानात वाढली व्हय? मी रोजगारी बाई असते तर सांजच्याला पदरात मजुरी पडली असती. घरची हाय म्हनून चोर ठरले का?"

रेवणअप्पांचं तोंड काळंठिक्कर पडलं. "पोतं गाडीत चढलं तर परत यायचं न्हाई," ते म्हणाले.

"येनार," अक्का म्हणाल्या. "घर माझं बी हाय." धाकट्याला कडेवर घेतलं आणि गाडीत बसल्या. खरंच परत येता येईल की नाही, त्या बाईला तरी कुठं ठाऊक होतं!

मागं तीन लेकरं आणि रेवणअप्पा. मग काय विचारता! दळायला एक बाई लावली, तिनं दाणे मागितले. पाण्याला दुसरी, तिनं रोख मागितले. रांधायला आलेली तर तूपही घेऊन जायची आणि वर म्हणायची, "मालक, तुमचं मीठ लई लवकर सरतंय." धाकटी पोर रात्री मायसाठी रडायची, तिला मांडीवर घेऊन हा माणूस ओट्यावर बसलेला मी पाहिलाय. तेव्हा मात्र मला त्याची कीव आली.

मायचं सगळं शेवटपर्यंत करून, दिवसकार्य उरकून अक्का परतल्या. रेवणअप्पा दारातून बाजूला झाले, एवढंच. अक्का सरळ कोठीत गेल्या. राशीवर ठसा नव्हता.

"ठोकळा कुठं हाय?"

"जाळला," रेवणअप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. "पोरींच्या आंघोळीला लाकूड न्हवतं."

दारामागं सरपणाचा ढीग पडलेला होता! अक्कांनी तो बघितला. मग रेवणअप्पांनी करदोड्याला बांधलेली पैशाच्या पेटीची किल्ली सोडली आणि त्यांच्यापुढं धरली. अक्कांनी हात पुढं केला नाही.

"मला नगं. उद्या तुमी मला मागत बसाल, त्ये बी चांगलं न्हाई. भिंतीला खिळा ठोका. दोघांचा हात पोचंल असा."

खिळा ठोकला गेला, किल्ली त्यावर टांगली गेली. मी त्याच संध्याकाळी ह्यांना म्हटलं, कोटाचा आतला खिसा बाहेर काढा, मला बोलायचंय. बरीच वादावादी झाली, ती इथं सांगत नाही. पण मीठ आणायला शाळा सुटायची वाट मी पुन्हा बघितली नाही.

अक्का फार जगल्या नाहीत. रझाकारांची दहशत सुरू व्हायच्या आधीच एका तापात गेल्या. गल्लीत इतकं शांत झालं की कासार दाराशी येऊन नुसताच उभा राहिला.

वर्षभरानं त्यांच्या थोरल्याचं लग्न झालं. सून पंधरा-सोळाची, बुजरी. एकदा मी तिथं बसले असताना ती पदर सावरत रेवणअप्पांच्या पुढं आली. माहेरी नुकत्याच जन्मलेल्या भावाचं बारसं होतं, काहीतरी न्यायला हवं होतं. "मामंजी, थोडे... थोडे पैसे..."

रेवणअप्पा एकदम खेकसले, "मला कामून इचारायलीस? त्यो खिळा काय आंधळा हाय?"

पोरगी दचकली. तसा म्हातारा उठला, तिला भिंतीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "बघू, हात पोचतो का तुझा?"

तिचा हात बोटभर कमी पडत होता. रेवणअप्पांनी हातोडी मागवली.