चप्पल काढून आलेला मिस्त्री

निवृत्त झाल्यावर आम्ही नवराबायकोनं एका जुन्या व्हॅनमध्ये फिरतं घर थाटलं. देश बघायचा होता. पण टपावरचा एसी नेमका बिछान्यावर गळायचा. गळला की मी वर चढून सिलिकॉन फासायचो. दोन वर्षं हेच. आमच्याच जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या पुढं काही आम्ही गेलो नाही.

शेवटी शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवली. दारात चप्पल काढून आत आलेला तो पहिलाच मिस्त्री. त्यानं ओला बिछाना चाचपला, मग टपावर चढून पेचकसानं माझं सिलिकॉन खरवडत बसला.

"पावणं, एसीचं पानी भाईर जायाची भोकं हुती की हितं! तुमीच बुजवलीसा. मग त्ये आतच येनार न्हवं?"

खाली उतरून त्यानं छताला अंगठा लावला. प्लायवूडमध्ये तो भिजल्या पावात रुतावा तसा रुतला. अंगठा पुसत त्यानं बिछान्याकडं पाहिलं.

"समदं छत कुजलंय. आता म्या कशाला हात लावू?"

जाताना त्यानं दार अगदी हळू लोटलं, आत कुणी निजलेलं असावं तसं.

मी आमच्या पक्क्या घरी परतलो, तर बायकोनं गाडीतल्या बिछान्यासाठी कोरडी चादर काढून ठेवली होती.