जांभळ्यावर ज्योत काढणारे आबा

सखाराम आबा लोहारांची आणि माझी ओळख झाली ती एका ब्लोलँपमुळे. हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून बीडला परतताना घासलेटवर चालणारा तो दिवा मी हौसेनं सोबत आणला होता. पेठेतल्या आबांच्या दुकानात पेटवून दाखवला. ज्योत गरजली तसे आबा हसले, "लई तापट हाय की बे! आण इकडं." तोवर ते कोळशावर फुंकणीनं अडकित्त्यांना रंग चढवत. वय साठीकडं झुकलेलं, पण आठवडाभरात दिवा माझ्यापेक्षा त्यांचंच ऐकू लागला.

पोलाद घासून लख्ख केलं आणि तापवलं की रंग चालत येतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. निळ्याच्या पुढं गेलं की करडा, म्हणजे काम बिघडलं.

आबांचं काम मला खरं कळलं ते चौसाळ्याच्या सरूबाईंमुळे. मेंढरं राखणारं घर, मालक वारलेले. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हाती लोखंड लागतं, आणि लेकाच्या हातात त्यांना बापाचाच अडकित्ता द्यायचा होता. वापरून तो पांढरा पडलेला. जुनी निळाई उरली होती फक्त खिळ्यापाशी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

"आबा, समदा निळा करा. पण एवढा त्यांचा ऱ्हाऊ द्या."

मागणी अवघड. आच तिथं पोचली तर तो दाणा करडा होणार, आणि मालकांच्या वेळचा रंग पुन्हा कुठून आणणार? आबांनी त्यावर ओल्या मातीचा गोळा थापला, बाकीचं घासलं आणि गोळ्याच्या कडेकडेनं ज्योत फिरवली. माती वाफाळू लागली. पातं जांभळं झालं आणि आबांनी ज्योत बाजूला घेतली.

"थांबलात कावून? आजून जांभळंच हाय!" सरूबाई ओरडल्या.

"दम धर, बाई. निळा आपल्या पायानं येतो."

आला. आबांनी अडकित्ता पाण्यात बुडवला, माती धुतली, पुसून सरूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"ह्यातला त्यांचा कंचा वो?"

"तुझ्या अंगठ्याखाली हाय."

सरूबाईंनी अंगठा उचलला नाही. तसाच धरून चौसाळ्याची वाट धरली.

मंडळी, आबांना आता साठ वर्षं पुरी होताहेत. त्यांची नजर अशीच तेज राहो, छातीला धूर न बाधो, आणि वेळेवर मागं येणारा तो हात आपल्याला पुष्कळ वर्षं बघायला मिळो. सरूबाईंच्या नातवाला हळद लागेल, तेव्हा तो अडकित्ता घेऊन त्यांच्या घरच्यांनी पुन्हा आबांच्याच दुकानाची पायरी चढावी.