बाहेरून कुलूप

आमचे शेजारी मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी करतात. सकाळी त्यांची बायको कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावते, म्हणजे घरात कुणी नाही असं समजून कुणी दार वाजवत नाही. चावी माझ्याकडे असते. ते आत झोपतात. निदान ठरलंय तरी तसं.

प्रत्यक्षात दर तासाला खिडकीतून हाक येते, "वैनी, वाजले किती?"

"अकरा."

"मग आहे अजून वेळ. झोपतो."

पाऊण तासाने पुन्हा तेच. आता हाक यायच्या आधीच मी घड्याळ बघते आणि त्याचा मला रागही येतो.

परवा त्यांच्या मुलीची शाळा लवकर सुटली, पण ती चावी न्यायला आली नाही. म्हणून मीच गेले. ती खिडकीखाली चिऱ्याच्या पायरीवर ताठ बसली होती. आत ते गजांना डोकं टेकून झोपले होते. एक हात गजांतून बाहेर, मुठीत तिची वेणी.

"काकी, कुलूप नको काढूस," ती कुजबुजली. "मी हलले तर बाबा उठतील."

चावी मुठीत धरून मी परत आले. दीड वाजला, दोन वाजले. मी घड्याळाकडे बघत होते, पण वेळ कुणी विचारली नाही.